मैनेचा रंग कोणता?

माझ्या तोंडात त्या वेळी गरम भजं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

झालं असं, की साहेब हातात एक परिपत्रक घेऊन थेट आमच्या टेबलांपाशी आले. जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी छंद प्रदर्शन भरणार होतं, आणि प्रत्येक कचेरीतून किमान एक छंद जाणं सक्तीचं होतं. सक्तीचा छंद हा शब्दप्रयोग मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. साहेब आत येताच बाकीच्यांनी फायलींत डोकी खुपसली. मला खुपसता आलं नाही, कारण माझ्या फायलीवर भज्यांची पुडी होती.

"खिल्लारे, तुम्हाला काही छंद?"

भजं इतकं गरम होतं की गिळवेना आणि थुंकवेना. वाफ बाहेर सोडण्यासाठी मी मान वरखाली हलवली. साहेबांनी तो होकार धरला.

"वा! कोणता?"

समोरच्या टेबल फॅनवर 'मॉडेल' असा शब्द होता आणि पुढचा नंबर पुसला गेला होता. मी वाचलं, "मॉडेल."

"कशाचं?"

"गाडीचं."

"कोणत्या गाडीचं?"

एव्हाना भजं खाली उतरलं होतं. पण माणूस एकदा खोटं बोलायला लागला की मधेच थांबणं त्याला कमीपणाचं वाटतं. मी म्हणालो, "मैनेचं."

मग पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांनी फायलींतून डोकी बाहेर काढली आणि एका सुरात म्हणाले, "मैनाऽऽ!"

तरुण वाचकांसाठी सांगतो. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर 'तीसरा पहरा' नावाची मालिका लागायची. तिच्यात एक इन्स्पेक्टर होता, पण त्याला कोणी विचारत नसे. सगळा गाव बघायचा तो त्याच्या मोटारीला, मैनेला. मैनेला तीन दिवे होते, दोन जागच्या जागी आणि तिसरा बोनेटच्या मधोमध. चोर जवळपास आला की तो तिसरा दिवा आपोआप पेटायचा. डोंगरकडा या माझ्या गावी आमच्या वस्तीत एकच टीव्ही होता, आणि तो दिवा पेटला की समोर बसलेल्या साठ-सत्तर माणसांतले दोघंतिघं दर वेळी उठून जात. का जात, ते मला अजून कळलेलं नाही.

तर अशी मैना मी बनवतो, असं मी साहेबांना सांगून बसलो होतो. यापूर्वी मी आयुष्यात बनवलेली एकमेव वस्तू म्हणजे चौथीतली कागदाची होडी. तीही बुडाली होती.

घरी आल्यावर सरिताला सांगितलं. माझी बायको शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे कुणी चूक कबूल केली की तिला आधीपासून माहीत असल्यासारखा तिचा चेहरा होतो.

"अहो, पुढच्या रविवारी ऐश्वर्याला बघायला सेनगावचे पाहुणे येऊन राहिले. ते ध्यानात हाय ना?"

"हाय की. एक हातभर गाडी. तिची काय अडचण?"

हे वाक्य मी पुढे आठवडाभर रोज ऐकलं, तिच्या तोंडून, माझ्याच आवाजात.

मैनेचा फोटो कुठेच मिळेना. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत सापडली. तीत मैना धुरळ्यातून येते आणि धुरळ्यात जाते. ती मी शेजारच्या ज्ञानबामामांना दाखवली. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि आता ते ओट्यावर बसून रस्त्यावरच्या इतरांचं चालवणं तपासतात. त्यांनी चित्रफीत वीस वेळा बघितली, चष्मा पुसला आणि निकाल दिला.

"चौदा फूट. एक बोट इकडं न्हाई, एक बोट तिकडं न्हाई."

चौदा फूट म्हणजे जवळपास सव्वाचारशे सेंटिमीटर. मॉडेल एकास दहा करायचं, म्हणजे साडेबेचाळीस. अर्धा सेंटिमीटर मी मामांच्या बोटापोटी सोडून दिला. कोऱ्या कागदावर गाडी काढली आणि कडेला आकडे लिहिले. लांबी ४२, रुंदी १६, उंची १४. पुढे सेंटिमीटर वगैरे काही लिहिलं नाही. बावीस वर्षं आवक-जावक बघतो आहे. आकड्यामागचा अर्थ लिहायची जबाबदारी आमच्या टेबलावर कधी आलेलीच नाही.

तो कागद मी मोहनसिंगला दिला. मोहनसिंग कूलर बनवतो. पत्रा कापणं आणि वाकवणं यात त्याचा हात धरणारा हिंगोलीत कोणी नाही, असं त्याचं मत आहे, आणि त्याच्या हातात कात्री असताना ते मत खोडायला कोणी जात नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो फाटकाबाहेरून ओरडला, "खिल्लारे साब, गेट खोलो! पूरा खोलो!"

हातगाड्यावर मैना होती. साडेतीन फूट लांब.

मी म्हणालो, "मोहनसिंग, हे काय?"

"मैना. बयालीस बोला, बयालीस इंच बनाया."

"अरे, बेचाळीस सेंटिमीटर!"

मोहनसिंगने खिशातला कागद माझ्यापुढे धरला. मग शांतपणे म्हणाला, "साब, कूलर कभी सेंटीमीटर में देखा?"

मी नव्हता बघितला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चूक कोणाची तेच कळेना. मी मैनेला एक फेरी मारली. पुढून ती हुबेहूब मैना होती, तीन दिवे, गोल चाकं, सगळं. मागून ती कूलर होती. मागच्या काचेच्या जागी जाळी होती आणि तळाशी पाणी सोडायची तोटी होती.

"तोटी काहून?"

"आदत है साब," मोहनसिंग म्हणाला आणि प्रथमच जरा लाजला.

सरिताने मैनेला घरात घ्यायला साफ नकार दिला. अंगणात बाज टाकून तिच्यावर ती ठेवली. पत्र्यावर थेट रंग बसत नाही म्हणून मोहनसिंगने राखाडी प्रायमरचा एक हात मारला आणि विचारलं, "कलर कौनसा?"

इथून माझ्या डोक्यातला गोंधळ खऱ्या अर्थाने सुरू झाला.

"हिरवा," मी म्हणालो. "बाटलीसारखा गडद हिरवा."

"हिरवा?" ज्ञानबामामा कुंपणावरूनच ओरडले. "लाल! लालभडक! मी एसटीत काहून गेलो मग? मैना बघून गेलो!"

"पीली थी," मोहनसिंग म्हणाला. "हल्दी जैसी."

सरिता दारात येऊन म्हणाली, "पांढरी होती. बाजूनं निळा पट्टा. उगं लोकायचं ऐकून भलतंच काही फासू नका."

चित्रफितीत धुरळ्यापलीकडे रंग दिसत नव्हता, त्यामुळे अर्धा तास कोणीच मागे हटेना. मामा म्हणाले, मी तीस वर्षं गाडीत बसलो, मला गाडीचा रंग शिकवता? सरिता म्हणाली, बसला ते एकाच रंगाच्या गाडीत बसला, म्हणून सगळ्या तुम्हाला लालच दिसतात. इतक्यात ऐश्वर्या कामावरून आली. ती एका मेडिकलवर फार्मासिस्ट आहे आणि गोळी देण्याआधी चिठ्ठी दोनदा वाचायची तिला सवय आहे. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पप्पा, पण तुमच्या वेळी टीव्ही कलर होता का?"

मोहनसिंग पगडी नीट करू लागला. मामांनी चष्मा काढला.

टीव्ही काळा-पांढराच होता. चौघांचाही.

पण मी हट्ट सोडला नाही. बाकीच्यांनी रंग मनाने लावला असेल, माझा हिरवा मात्र मी डोळ्यांनी बघितलेला होता. मैना हिरवी धावताना मला आजही दिसते. मी डोंगरकड्याला थोरल्या भावाला, कोंडीबादादांना, फोन लावला.

"दादा, मैना हिरवी होती ना?"

"व्हय की. हिरवीगार."

मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

"हिरवीच असणार ना," दादा पुढे म्हणाले. "आपल्या वस्तीतल्या टीव्हीवर तो रंगीत प्लास्टिकचा कागद व्हता न्हाई का चिकटवलेला? वर निळा, मधी गुलाबी, खाली हिरवा. खालून जे जाईल ते हिरवं. म्हशीबी हिरव्या जायच्या. इन्स्पेक्टरचं डोकं निळं व्हतं, ध्यानात न्हाई का तुला?"

ध्यानात होतं. इन्स्पेक्टरचे केस निळे होते, हे मी आजवर त्याचं वैशिष्ट्य समजत होतो.

मी फोन ठेवला. तेव्हा माणसाला कसं वाटतं ते सांगता येत नाही. सगळं लहानपण एका प्लास्टिकच्या कागदावर उभं होतं, असं वाटलं. मोहनसिंगने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला प्रायमर होता.

रंग ठरेना, तेव्हा अर्ज तरी भरून टाकावा म्हणून मी प्रदर्शनाच्या समितीकडे गेलो. मी स्वतः बावीस वर्षं टेबलाच्या अलीकडे बसलेला माणूस. टेबलाच्या पलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं याची मला कल्पना नव्हती. तिथल्या लिपिकाने अर्ज वाचला.

"साडेतीन फूट? टेबलावर मावणार नाही. टेबलावर न मावणारी वस्तू 'यंत्र व वाहन' विभागात जाते."

"जाऊ द्या."

"मग चालकाचा परवाना जोडा."

"अहो, ती चालत नाही."

"चालत नाही?" त्याने पेन उचललं. "मग 'नादुरुस्त' लिहावं लागेल. आणि नादुरुस्त वाहन असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे भंगारात काढल्याचा, ठराव लागेल. ठराव आहे?"

"ती नादुरुस्त नाही हो. ती पहिल्यापासूनच चालत नाही."

त्याने माझ्याकडे अशा काही दयेने बघितलं, की मला गेल्या बावीस वर्षांत माझ्या टेबलापुढे उभे राहिलेले सगळे चेहरे आठवले. मी ओशाळलो. त्याने अर्ज परत दिला आणि म्हणाला, "रंगाचा रकानाही कोरा आहे."

शनिवार गेला आणि रविवार उजाडला. सेनगावचे भीमराज इंगोले, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी पद्माबाई आणि मुलगा रत्नपाल, असे तिघं येणार होते. सरिताने सकाळीच हुकूम सोडला. "त्या डबड्यावर चादर टाका. आणि मामा, मोहनसिंगभाऊ, तुमी आलाच आहात तर उभे राहा, पण गाडीचा एक शब्द तोंडातून काढायचा न्हाई."

घरात तेवढी मोठी चादर एकच होती. पांढरी.

मी आतून बाहेर आलो तेव्हा पाहुणे फाटकात होते, आणि त्यांच्या नजरेने मी प्रथमच आमचं अंगण बघितलं. मधोमध बाज. बाजेवर पांढऱ्या चादरीखाली काहीतरी लांबट. दोन्ही बाजूंना ज्ञानबामामा आणि मोहनसिंग, मान खाली घालून, गप्प.

भीमराजसरांनी हळूच चप्पल काढली. अगदी खालच्या आवाजात "जयभीम" म्हणाले. पद्माबाईंनी डोक्यावर पदर घेतला, सरळ सरितापाशी गेल्या आणि तिचा हात धरला.

"कधी झालं हो बाई?"

सरिताला वाटलं, कोणीतरी गाडीचं आधीच सांगितलं. ती खजील होऊन म्हणाली, "बुधवारी."

"बुधवारी! आन् अजून घरातच?"

"काय करता? हे न्यायला गेले होते. कागद पूर्ण झाल्याबिगर घेत न्हाईत म्हणे तिथं."

पद्माबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं तरी काय एकाएकी?"

"सगळी चूक ह्यांची," सरिताने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी नीट सांगितलं न्हाई, आन् त्या मोहनसिंगभाऊंनी कापलं."

पद्माबाईंनी मोहनसिंगकडे बघितलं. मोहनसिंगने, बोलायची बंदी असल्यामुळे, फक्त हात जोडले.

मला काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण नक्की काय ते कळत नव्हतं. मी म्हणालो, "आधी पोहे घेऊ या. मग निवांत बोलू."

"पोहे?" पद्माबाई मागे सरकल्या. "ह्याच्यासमोर?"

त्याच वेळी ज्ञानबामामांचा पाय अवघडला आणि त्यांनी बाजेवर हात टेकला. आदल्या दिवशी मामांनी हौसेने मैनेला एक रबरी भोंगा बसवला होता. तो मला माहीत नव्हता. चादरीखालून आवाज आला, "पोंऽऽऽ!"

पद्माबाईंनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. त्या माझ्या अंगावर, मी मोहनसिंगच्या अंगावर आणि मोहनसिंग बाजेवर. चादर घसरून खाली पडली.

सगळं संपलं, असं मला वाटलं. मुलीचं स्थळ गेलं, अब्रू गेली, आणि चादरीलाही प्रायमर लागला. मी काही बोलणार, तोच भीमराजसर एक पाऊल पुढे आले. त्यांनी पहिला दिवा बघितला, दुसरा बघितला. मग मधला तिसरा बघितला आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला.

"मैना..." ते म्हणाले.

मग ते गुडघ्यावर बसले. निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत, आमच्या अंगणातल्या मातीवर. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला.

"आन् रंग बी बराबर! अगदी हाच रंग!"

मी म्हणालो, "सर, तो रंग न्हाई. ते अस्तर हाय. राखाडी."

"अस्तर कशाचं? मी एक रविवार चुकवला न्हाई. मैना हीच. ह्याच रंगाची."

मग मोहनसिंग पुटपुटला, "हां... दिखती तो ऐसीच थी."

ज्ञानबामामांनी चष्मा पुसून गाडी पुन्हा बघितली. "खरं सांगू का? टीव्हीत अशीच दिसायची बा. लाल मी मागून केली."

सरिताही काही न बोलता पांढऱ्या रंगावरून बाजूला झाली. उरलो मी. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हाही ती हिरवीच धावत होती, हिरव्या म्हशींच्या मधून. पण समोर मुलीचे होणारे सासरे मातीत बसले होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "बराबर, सर. राखाडीच होती."

पुढचे दोन तास कसे गेले ते कळलं नाही. सरांनी बाह्या वर केल्या. मागचं डावं चाक वाकडं होतं, ते आम्ही दोघांनी काढलं. तोटी काढून तिथे सायलेन्सरची नळी बसवावी, असं त्यांनी सुचवलं, आणि ती मोहनसिंगने बसवलीही. पद्माबाई एव्हाना सावरल्या होत्या आणि पोहेही खात होत्या, पण मैनेकडे पाठ करून. मधे सर मला म्हणाले, "खिल्लारे, आपलं जमलं बघा." मी म्हणालो, "जमलं." ज्यांचं जमायचं होतं ती दोघं गच्चीवर बोलत बसली होती, आणि त्यांना बोलावून आणावं हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

ती दोघं आपण होऊनच खाली आली. रत्नपाल मान खाली घालून उभा राहिला. ऐश्वर्या सरळ माझ्याकडे बघून बोलली.

"पप्पा, आम्ही दोघांनी नीट बोलून घेतलं. ह्यांची नोकरी पुण्यात आहे आणि त्यांना तिथंच राहायचंय. मला हिंगोलीत माझं स्वतःचं मेडिकल टाकायचंय. दोघांपैकी कुणी एकानं मन मारलं तरच हे जमेल. आम्हाला तसं नकोय."

"माझंबी तेच म्हणणं हाय," रत्नपाल म्हणाला.

माझ्या हातात चाक होतं. ते कुठे ठेवावं कळेना. मनात पहिला विचार आला तो लाजिरवाणा आहे, पण सांगतो. मला वाटलं, जावईही गेला आणि हिरवाही गेला. मग मी ऐश्वर्याकडे बघितलं. तिचा आवाज जरासुद्धा थरथरला नव्हता. एवढं सरळ बोलणं मला पन्नाशीतही जमलेलं नव्हतं. मी एक भजं तोंडात असताना होकार देऊन बसलो होतो. तिने चार मोठ्या माणसांसमोर नकार दिला होता.

"ठीक हाय, बाळा," मी म्हणालो. माझा आवाज थरथरला.

भीमराजसरांनी मुलाकडे बघितलं. "समजून-उमजून ठरवलं ना दोघांनी?"

"व्हय, बाबा."

सर आता उठतील, चप्पल घालतील आणि पुन्हा कधी आमच्या दाराकडे बघणार नाहीत, असं मला वाटलं. सरिताने तर जिन्याचा कठडा धरला होता. मग सरांनी माझ्या हातातलं चाक घेतलं आणि उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं.

"अजून जरा वाकडंच हाय," ते म्हणाले. "मोहनसिंग, हातोडी द्या."

पुढच्या रविवारी सर पुन्हा आले, एकटेच, सेनगावच्या पहिल्या जीपने. काय म्हणून आले ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ज्ञानबामामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नातं काय धरायचं?" मी म्हणालो, "मलाबी कळून न्हाई राहिलं."

प्रदर्शनात मैना गेली. वाहन विभागाने तिला घेतलं नाही, हस्तकलेनेही नाही. शेवटी जाळी आणि कूलरचा पत्रा बघून समितीने तिला 'टाकाऊतून टिकाऊ' विभागात टाकलं, बाटल्यांच्या फुलदाण्या आणि जुन्या साड्यांची पायपुसणी यांच्या मधे. तिथे तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मी अपमान गिळायच्या तयारीत होतो. पण पंचेचाळिशीवरची माणसं रांग लावून येत होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, "अगदी हाच रंग!" आमच्या वस्तीबाहेर कुणीच टीव्हीवर तो कागद चिकटवला नव्हता की काय, कोण जाणे.

बक्षीस घ्यायला मी सरांनाही व्यासपीठावर ओढून नेलं. खाली उतरताना साहेब भेटले. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि सरांकडे बघून विचारलं, "हे आपले कोण?"

व्याही म्हणावं तर लग्न नाही, मित्र म्हणावं तर ओळख दोन-तीन आठवड्यांची.

"मी पोराकडचा," सर म्हणाले.

"अरे वा! म्हणजे मुलीचं लग्न ठरलं वाटतं?"

"न्हाई साहेब," सर म्हणाले आणि त्यांनी प्रमाणपत्र घडी न पडू देता जपून माझ्या हातात दिलं. "लग्न तेवढं मोडलं. बाकी सगळं जमलं."